सोडायचा की ठेवायचा

मी माणूस बघत नाही, बॉल बघते. बास्केटबॉलच्या कोर्टवर तोंडात शिट्टी धरून माझं आयुष्य गेलं, आणि त्यात शिकले ते एवढंच. माणसाकडे बघायला लागलं की त्याचा चेहरा दिसतो, चेहरा दिसला की दया येते नाहीतर राग येतो, आणि तेवढ्यात फाउल होऊन जातो. बॉलला चेहरा नसतो. म्हणून लोक मला समोर मॅडम म्हणायचे, पाठीमागे दगड म्हणायचे, आणि गॅलरीतून काय काय म्हणायचे ते सांगण्यासारखं नाही. 'पंच आंधळी आहे' हे त्यातल्या त्यात सभ्य. माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे हे वाक्य त्याला फार झोंबायचं. तुला काय म्हणायचं ते म्हणू देत, तो म्हणायचा, पण यात माझ्या धंद्याची बदनामी होते.

गुडघे गेले तशी शिट्टीही गेली. मग क्लबाने मला निवड समितीवर घेतलं. समिती म्हणजे तीन माणसं: क्लबाचे सेक्रेटरी, संघाचा कोच आणि मी. काम एकच. वर्षभर मॅच बघायच्या आणि सीझन संपला की पहिल्या वर्षाच्या खेळाडूबद्दल मत द्यायचं. फार शब्द लागत नाहीत. क्लबात सरळ विचारतात, सोडायचा की ठेवायचा?

त्या वर्षी नवीन आलेला एकच होता. उंच म्हणजे किती उंच, तर कपडे बदलायच्या खोलीतला दिवा गेला की स्टूल न घेता बदलायचा. संघातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव शिडी ठेवलं. शिडी आला, शिडी गेला, शिडी जेवला का. त्यालाही त्याचं काही वाटत नसावं, कारण हाक मारली की वळून बघायचा. कुठल्या तरी आडबाजूच्या छोट्या संघातून आला होता. बापाचं टायरचं दुकान, आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत बापानेच त्याला खेळ शिकवलेला, एवढी माहिती आम्हाला होती.

आणि हेही माहीत होतं की आपण सोडला तर त्याला दुसरं कुणी घेणार नाही. पहिल्याच वर्षी एका क्लबाने सोडलेला खेळाडू म्हणजे सगळ्यांना संशय. का सोडला, काय खोड आहे, गुडघा की डोकं? मग पान्हा हातात घ्यायचा आणि चाकं बदलायची. त्यात वाईट काही नाही, चाकं कुणीतरी बदलायलाच हवीत. पण हा पोरगा कळायला लागल्यापासून दुसरं काही शिकलाच नव्हता.

आता त्याचा खेळ. सरावात एकटा असला की बघत राहावं असा. उडी सरळ, मनगट मोकळं, बॉल रिंगमधून जाळीला जेमतेम शिवून खाली. मॅचमध्ये मात्र याच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. समोर कुणी नसलं, रिंग दिसते आहे, टाक बाबा, तर हा बॉल धरून उभा. जणू कुणाची परवानगी हवी आहे. आणि दोन माणसं अंगावर आली, पास देणं भाग आहे, की हा हमखास उडी मारून शॉट टाकणार. बॉल बोर्डाला लागून भलतीकडे. एकदा तर बोर्डालाही लागला नाही, सरळ पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या पर्समध्ये.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. हा असले आचरट शॉट टाकायचा ते बरोबर कोच ओरडल्यावर. आमचा कोच बाजूच्या रेषेवर नाचत असतो आणि त्याचा एकच मंत्र, "सोड! सोड!" म्हणजे बॉल कवटाळून बसू नकोस, मोकळा कर, दुसऱ्याला दे. संघातली पोरं वर्षानुवर्षं ते ऐकत आली आहेत, कोच 'सोड' म्हणाला की बॉल हातातून निघून कुणाकडे तरी गेलेला असतो. शिडी मात्र 'सोड' ऐकलं की शॉट टाकणार. मला वाटलं, उद्धट आहे. कोचचंही तेच मत. कोच मला म्हणाला की हा मुद्दाम खिजवतो मला, सांगेन त्याच्या उलट करतो, वर तोंडावर बारा वाजलेले ठेवून फिरतो म्हणजे बिचारा दिसावा.

सेक्रेटरींचा फरशीचा व्यापार आहे आणि ते माणसांबद्दलही फरशीसारखंच बोलतात. माल दिसायला चांगला आहे, ते म्हणाले, पण आतून तडा गेलेला दिसतो.

मीही माझ्यापुरता निकाल देऊन टाकला होता. हावरा, डोक्यात हवा गेलेला, ऐकत नाही. सोडावा. घरी नवऱ्याने विचारलं तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. तो चष्म्याची काच घासत होता. नंबर नीट बघून सांगतेस ना, असं म्हणाला. मी म्हटलं, तू तुझं दुकान बघ.

सीझनमधली शेवटून दुसरी मॅच. मी कोर्टच्या कडेला, आमच्या बेंचच्या मागे बसते. जागा ठरलेली, शेजारी पिशवी ठेवलेली, म्हणजे कुणी बसून डोकं खाऊ नये. त्या दिवशी एका माणसाने विचारलं, "इथे कुणी आहे का, ताई?" आणि पिशवी उचलावी लागली. शर्ट नवा, घडीच्या रेघा तशाच. नखांच्या कडेला काळं बसलेलं, कितीही घासलं तरी न जाणारं. सुरुवातीला एक अक्षर बोलला नाही, म्हणून मला बरा वाटला.

पण शिडीच्या हातात बॉल आला की या माणसाचे ओठ हलायचे. आधी मी लक्ष दिलं नाही. मग एकदा शिडी अगदी मोकळा होता, आणि हा पुटपुटला, "सोड." शिडी समोरच्या टोकाला, त्याला काय ऐकू जाणार? तो बॉल धरून उभा. तेवढ्यात दोघं धावून आले, कोच रेषेवरून गरजला, "सोड!", शिडीने उडी मारली आणि शॉट हवेत गेला. शेजारच्या माणसाने मांडीवर हात मारला. "आत्ता कशाला सोडलास रे?"

मी बॉलवरची नजर काढली नाही, पण कान त्याच्याकडे वळला. सोडलास? सोडला कुठे याने? सोडला नाही म्हणून तर सगळी बोंब आहे.

मी विचारलं, "सोडला म्हणजे?"

"म्हणजे टाकला. शॉट," तो म्हणाला. "आमच्याकडे सोडणंच म्हणतात. उडी मारायची, वर गेलं की मी ओरडतो, सोड! मग हात सुटतो. एवढासा होता तेव्हापासून हेच चाललंय." मग त्याला वाटलं असावं की आपण फार बोललो. "माझा मुलगा आहे तो. हल्ली त्याचं काही खरं नाही."

मी कोण ते मी त्याला सांगितलं नाही. कशाला? उरलेली मॅच मी वेगळ्या कानांनी ऐकली. दर वेळी तेच. कोचने 'सोड' म्हणायचं, म्हणजे दे. पोराने ऐकायचं, म्हणजे टाक. आणि मोकळा असताना कुणी काहीच म्हणत नाही, म्हणून हा बापाच्या शब्दाची वाट बघत उभा. वर्षभर आम्ही तिघं शहाणे त्याला उद्धट म्हणत होतो आणि तो आपला इमानेइतबारे सांगितलेलं करत होता. मला हसू आलं, आणि मग हसू आल्याचा रागही आला.

समितीच्या माणसाने खेळाडूशी बोलायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम. कुणी घातलेला नाही, मीच घातलेला. त्या दिवशी मोडला. बॉल पुसून जाळीच्या थैलीत भरायचं काम आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या खेळाडूला असतं. सामानाच्या खोलीत शिडी जमिनीवर बसून, लांबलचक पाय समोर पसरून बॉल पुसत होता. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, बस, उभा राहिलास तर मला मान वर करून बोलावं लागेल. आणि सरळ विचारलं की कोच 'सोड' म्हणतो त्याचा अर्थ काय, माहीत आहे का तुला?

तो जरा वेळ फडकं पिळत राहिला. "माहीत आहे, मॅडम. सुरुवातीच्या मॅचनंतरच कळलं होतं."

"मग?"

"कळून काय करू? तो शब्द कानात आला की हात वर गेलेला असतो. मी थांबवायच्या आधीच."

आणि कोचना का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाला की काय सांगणार, पहिल्या वर्षाच्या पोराने कोचला म्हणायचं की तुमचा शब्द बदला? सगळे हसले असते. आणि बाबांना सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, त्यांनीच चुकीचं शिकवलं. म्हणून मूग गिळून बसला होता. मला त्याचा रागही आला आणि जीवही तुटला. दोन्ही गोष्टी मी तोंडावर दिसू दिल्या नाहीत, सवय आहे. एवढंच म्हटलं की अजून एक मॅच आहे, बघ काही जमतं का.

कोच गाडीपाशी सापडला. ओरडून ओरडून त्याचा घसा कायमचा बसलेला, त्यामुळे सदा गालात एक गोळी. हा खेळाडू होता तेव्हा मी याला कितीदा बाहेर काढलेलं आहे, त्यामुळे तो मला जरा वचकून असतो. त्याला सगळं सांगितलं. आधी त्याचा विश्वास बसेना. मग हसला. मग गोळी गालातल्या गालात फिरवायला लागला.

"म्हणजे वर्षभर मीच त्याला ओरडून शॉट टाकायला लावतोय?"

मी म्हटलं, तसंच दिसतंय. तो म्हणाला, बघतो मी. अहंकारी माणूस आहे, पण कानाने बहिरा नाही.

आता कुणी म्हणेल, दोघांना समोरासमोर बसवून का नाही बोलले? मलाही नंतर तेच वाटलं. पण त्या वेळी विचार केला की कोचला पोरासमोर चूक दाखवली तर त्याचं काय राहील? म्हणून याला इकडे सांगितलं आणि त्याला तिकडे सांगितलं. दोघांनीही मान डोलावली. मी निर्धास्त घरी गेले आणि जेवून झोपले.

शेवटची मॅच. जिंकलो असतो तरी कप वगैरे काही मिळणार नव्हता, पण आमच्या सेक्रेटरींना शेवटची मॅच हरलेली चालत नाही. शिडीचा बाप पुन्हा माझ्या शेजारी, तोच शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. शिडीला उत्तरार्धात आत घेतलं. आणि काय सांगू, पोरगा वेगळाच खेळत होता. दोघं अंगावर आले, कोच चुकून त्याच्या जुन्या सवयीने ओरडला, "सोड!" आणि शिडीने चक्क पास दिला. साधा, सरळ, छातीसमोरचा पास. मी सावरून बसले. बाप पुटपुटला, "अरेच्चा."

नंतर कळलं की तो आठवडाभर खोलीतल्या जोडीदाराला भिंतीशी उभा करायचा. जोडीदाराने मध्येच कधीही 'सोड' म्हणायचं आणि याने पास द्यायचा. जेवताना, दात घासताना, जिन्यावर. जोडीदार वैतागला होता. जिन्यावर बॉल नसायचा तर याने एकदा त्याच्या अंगावर टॉवेलच फेकला. बापाने इतक्या वर्षांत हाडात मुरवलेलं त्याने आठवड्यात उखडून काढलं होतं. असं मी तरी कुणाला करताना पाहिलेलं नाही.

आणि तिकडे कोच. त्यानेही आठवडाभर विचार केला होता. पोराशी पोराच्या भाषेत बोलायचं, 'सोड' फक्त शॉटसाठी म्हणायचं, असं त्याने ठरवलं. पण ओरडण्याच्या भरात जुनी सवय सुटेना. शेवटच्या टाइमआउटला मी त्याला स्वतःच्या थोबाडीत हलकेच मारून घेताना पाहिलं. नंतर तो बराच वेळ काही ओरडला नाही.

अगदी शेवटचे क्षण. आम्ही एका पॉइंटने मागे. बॉल फिरत फिरत शिडीकडे आला, आणि शिडी त्याच्या आवडत्या जागी, उजव्या कोपऱ्यात, समोर कुणी नाही. सरावात तिथून तो झोपेतही टाकतो. तो थांबला. कोचने गालातली गोळी काढून हातात घेतली, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि पोराच्या भाषेत, बापाच्या शब्दात, जीव खाऊन ओरडला, "सोड!"

शिडीने पास दिला.

ज्याला दिला तो शॉट येणार म्हणून रिंगकडे तोंड करून, पाठ फिरवून उभा होता. बॉल त्याच्या खांद्याच्या मागे लागला आणि रेषेबाहेर गेला. भोंगा वाजला. संपलं.

गॅलरीतून जो आवाज आला तो मला ओळखीचा होता, मी तो कितीदा झेललेला आहे. कोचने कपाळाला हात लावला. शिडी मात्र कोचकडे बघत होता, जरासा हसत, मान हलवत, ऐकलं बरं का तुमचं, अशा अर्थाने. मग त्याला कोचचा चेहरा दिसला. ते हसू जाताना मी पाहिलं, आणि पाहायला नको होतं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची बैठक. सेक्रेटरींच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला धुळीने माखलेले कप, दुसऱ्या बाजूला फरशीचे नमुने. सेक्रेटरी रात्री झोपले नसावेत. त्यांनी शिडीला बोलावून समोर उभं केलं आणि विचारलं, रिंग समोर होती, माणूस समोर नव्हता, मग पास का दिलास? मी कोचकडे बघितलं. कोच फरशीच्या नमुन्याकडे बघत होता.

"माझी चूक झाली," शिडी म्हणाला.

चूक झाली ते सगळ्या गावाने बघितलं, सेक्रेटरी म्हणाले, का झाली ते सांग. शिडी पुन्हा तेच म्हणाला, माझी चूक. तिसऱ्यांदा विचारलं तरी तेच. कोचचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही. मी बोलणारच होते, पण कोचचं तोंड आधी उघडलं.

"सोड म्हणून मी ओरडलो," तो म्हणाला. "टाक अशा अर्थाने. याच्या भाषेत."

शिडीने पहिल्यांदा मान वर केली. "मी तुमच्या भाषेत ऐकलं."

सेक्रेटरींनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, कारण वेड्यांच्या इस्पितळात एखादा तरी शहाणा असावा असं माणसाला वाटतं. मी सगळं सांगितलं, बापापासून टॉवेलपर्यंत, आणि दोघांना वेगवेगळं गाठून सांगणारी मीच, हेही सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, मला यांचीही भाषा कळत नाही आणि त्याचीही नाही, मॅच हरलो एवढं कळतं. त्यांनी शिडीला बाहेर थांबायला सांगितलं.

मग मतं. सेक्रेटरी म्हणाले, सोडा. कोच म्हणाला, ठेवा. हे त्याने खाली बघून म्हटलं, पण म्हटलं. राहिले मी.

मी काही दयेपोटी बोलले नाही. तसं कुणाला वाटू नये म्हणून आधी दोष सांगितला. हा पोरगा स्वतःहून टाकत नाही. बाहेरून कुणीतरी 'आता' म्हणावं लागतं. आधी बाप म्हणायचा, मग कोच म्हणायला लागला. शब्द बदलला, घोटाळा मिटला, तरी हा दोष राहतोच, आणि तो शब्दाच्या घोटाळ्याहून मोठा आहे. पण जो आठवड्यात हाडातली सवय काढू शकतो त्याला एक वर्ष दिलं तर तो हेही काढेल. आणि पोरगा उद्धट आहे असं आपण वर्षभर म्हणत होतो, ते आपण आजपासून म्हणायचं नाही. ठेवावा.

सेक्रेटरींनी नाक मुरडलं आणि चहा मागवला. दोनास एक, विषय संपला.

मी बाहेर आले तर फाटकाशी टायरच्या दुकानाची छोटी गाडी उभी. मागे दोन जुनी चाकं, आणि चाकांशेजारी मोकळी केलेली जागा, एका माणसाचं अंथरूण नि ट्रंक मावेल एवढी. बाप पोराला न्यायच्या तयारीने आला होता. मला बघून त्याला धक्का बसला. तुम्ही त्यांच्यातल्या का, म्हणाला. मग विचारायचं धाडस होईना, नुसता बघत राहिला.

"ठेवला," मी म्हटलं.

त्याने गाडीच्या पत्र्याला टेकून घेतलं. शिडी पलीकडे पायरीवर बसला होता, गुडघे कानांपाशी. त्यालाही ऐकू गेलं असावं, कारण त्याने डोकं गुडघ्यांत घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.

मी बापाला बाजूला घेतलं आणि जे आहे ते सांगितलं, गोड करून नाही. तुमचा आवाज त्याच्या कानात बसला आहे. तुम्ही शिकवलंत म्हणून तो इथवर आला, पण तुम्ही सांगितल्याशिवाय त्याचा हात सुटत नाही. तो ऐकत राहिला. नखाने गाडीचा सुटलेला रंग खरवडत होता.

"मग मी पुढच्या वर्षी मॅचला येत नाही," तो म्हणाला.

"यायचं. माझ्या शेजारी बसायचं. तोंड बंद ठेवून."

"तेच जमायचं नाही, ताई. मी चाक बदलतानाही चाकाशी बोलतो."

जमवा, मी म्हटलं, आणि गुडघे सांभाळत घरी आले.

पुढच्या सीझनची पहिली मॅच. मी पिशवी शेजारच्या खुर्चीवरून आधीच उचलून ठेवली होती. बाप आला, बसला, आणि खिशातून रुमाल काढून हातात धरला. कोचने या वेळी एकच शब्द ठरवला होता, पाससाठी 'दे', आणि शॉटसाठी काहीच नाही. शॉटचं तुझं तू ठरव, असं त्याने शिडीला सांगितलं होतं. आणि संघात 'सोड' म्हणायला सगळ्यांनाच बंदी होती. कोचचे स्वतःचे त्यात फार हाल झाले, सरावात तो 'सो' म्हणून गिळायचा.

बॉल फिरला आणि शिडीकडे आला. तोच उजवा कोपरा. समोर कुणी नाही. शिडी थांबला. कोच हाताची घडी घालून गप्प उभा. गॅलरीतली लोकं टाक, टाक म्हणून ओरडत होती, पण त्यातलं काही त्याच्या कानात शिरत नव्हतं, हे मला कळत होतं. तो ज्याची वाट बघत होता तो शब्द माझ्या शेजारी होता. मी मान वळवली. बापाने रुमालाचा बोळा दातांत धरला होता. मानेच्या शिरा वर आल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि सगळं अंग त्या एका शब्दाने थरथरत होतं. तो शब्द त्याने बाहेर येऊ दिला नाही.

मग लोक उठून उभे राहिले आणि एकच गलका झाला.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं की तुझ्या शिडीने टाकला का शेवटी? टाकला, मी म्हटलं, स्वतःहून टाकला. आत गेला का? गेला असणार, मी म्हटलं, लोक ओरडले. मी बघितला नाही.

"तू बॉल बघितला नाहीस?" त्याने घास खाली ठेवला. "उद्या दुकानात ये. नंबर तपासू."

"नंबर ठीक आहे," मी म्हटलं, आणि त्याला भात वाढला.